महानुभाव आचार्यांची विद्यापरंपरा

यादवकाळात, तेराव्या शतकात, विदर्भ व गोदाकाठी वाढलेल्या महानुभाव पंथातील गुरुशिष्यांचे अध्ययन, निरूपण आणि ग्रंथलेखन यांची परंपरा. पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही; त्यांचे शिक्षण तोंडी होते. ते अक्षरबद्ध केले शिष्यांनी.

चक्रधर मूळचे गुजरातेतील भडोचचे, प्रधानाच्या घरातले. आजच्या नागपूर जिल्ह्यातील रामटेकच्या यात्रेसाठी म्हणून ते घराबाहेर पडले आणि वाटेत रिद्धपूर (जि. अमरावती) येथे त्यांना गोविंदप्रभू हे गुरू भेटले. पुढे गावोगाव हिंडताना त्यांनी निरूपण केले ते मराठीतून. प्रश्न विचारणाऱ्यांत शास्त्री होते, तशाच महदाइसेसारख्या स्त्रियाही होत्या. महदाइसेची ‘धवळे’ ही विवाहगीते तिला आद्य मराठी कवयित्रीचा मान देतात.

शिष्यांपैकी म्हाइंभट हे नाणावलेले पंडित; वाद घालायला आले आणि अनुयायी झाले. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांनी प्रत्यक्ष सहवास लाभलेल्या माणसांना गाठून आठवणी जमवल्या आणि आचार्य नागदेव ऊर्फ भटोबास यांच्याकडून त्या तपासून घेतल्या. त्यातून सु. १२७८ मध्ये ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ सिद्ध झाला. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या खलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली. तेव्हा हिराइसेसारख्या पाठांतर असलेल्या अनुयायांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्याचे निरनिराळे पाठ आढळतात ते यामुळेच.

केशिराजबास हे संस्कृतज्ञ. त्यांनी चक्रधरांची वचने ‘सूत्रपाठा’त एकत्र केली. त्यांच्या ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची मांडणी तीन पदरी आहे : आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे. त्यांचा मेळ घालून दाखवणारे दार्ष्टांतिक केशिराजांचे. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट याच ग्रंथात येते. या तीन पदरी मांडणीमुळे गुरूचे बोलणे कोठे संपते आणि पंडिताचे कोठे सुरू होते, हे वाचकाला स्पष्ट दिसते. ग्रंथ संस्कृतात रचण्याचा विचार निघाला, तेव्हा नागदेवांनी तो अडवला; संस्कृत न कळणाऱ्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. ही आठवण ‘स्मृतिस्थळ’ या पंथाच्या ग्रंथात नोंदलेली आहे.

चौदाव्या शतकात चित्र पालटले. ग्रंथ पंथाबाहेर जाऊ नयेत म्हणून वर्णमालेतील अक्षरांची अदलाबदल करून पंथातील रवळोबासांनी सकळ ही सांकेतिक लिपी तयार केली. सुंदरी, अंक, वज्र अशा आणखी सांकेतिक लिप्याही वापरात आल्या. त्यांमुळे ग्रंथांचे पावित्र्य राखले गेले आणि पाठशुद्धीही टिकली. पण जनांसाठी मराठीत आणलेले ज्ञान पंथाबाहेरच्यांना सहा शतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. त्यानंतर नागपूरचे ह. ना. नेने व वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्रा’चे संपादन केले; कोलते यांची आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. रिद्धपूर येथे राज्य शासनाने आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले आहे.