रिक्त आसन आणि नवे पोप महोदय

पोप महोदय हे ख्रिस्तसभेचे प्रमुख आहेत, हे आपण बालपणापासून शिकत आलो आहोत. ते एका सार्वभौम राज्याचेही प्रमुख आहेत, याचा मात्र आपल्याला सहसा विसर पडतो. १९२९ च्या लॅटरन कराराने अस्तित्वात आलेल्या व्हॅटिकन सिटीचे क्षेत्रफळ अवघे ४४ हेक्टर आहे. तेथील कायदे, कारभार व न्यायदान यांचे संपूर्ण अधिकार पोप महोदयांकडे एकवटलेले असतात. अशा राज्यात प्रमुखाचे आसन रिक्त झाले की सत्ता कोणाकडे जाते?

त्या काळात राज्याची सूत्रे कार्डिनल मंडळाकडे येतात; परंतु त्यांचे हात बांधलेले असतात. निकडीच्या प्रसंगीच त्यांना आदेश काढता येतो आणि नव्या पोप महोदयांनी मान्यता दिली तरच तो पुढे टिकतो. बहुतेक सर्व विभागप्रमुखांची पदे संपुष्टात येतात. दैनंदिन व्यवहार पाहणारे कॅमरलेंगो मात्र पदावर राहतात.

येथे वारसाहक्क नाही. सहाव्या शतकात चौथे फेलिक्स यांनी दुसरे बोनिफेस यांना आपल्यामागे नेमले होते. बोनिफेस यांनीही आपला वारस ठरवला आणि पुढे स्वतःच तो निर्णय मागे घेतला. ती प्रथा रुजली नाही, हे बरेच झाले असे आम्हांस वाटते.

निवडणुकीलाही शिस्त लागायला वेळ लागला. १२६८ ते १२७१ अशी जवळजवळ तीन वर्षे व्हितेर्बो येथे कार्डिनलांचे एकमत होईना. अखेर नगरवासीयांनी त्यांना कोंडले, अन्न कमी केले आणि छप्परही उतरवले, असे सांगितले जाते! त्या निवडणुकीतून आलेल्या दहावे ग्रेगरी यांनीच १२७४ मध्ये लिऑनच्या धर्मपरिषदेत बंदिस्त निवडणुकीचा नियम केला. 'कॉन्क्लेव्ह' म्हणजे किल्लीने बंद होणारी खोली.

बाहेरच्या सत्तेचा हस्तक्षेप मात्र पुढेही चालू राहिला. १९०३ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या वतीने कार्डिनल राम्पोला यांच्याविरुद्ध नकाराधिकार वापरण्यात आला. निवडून आलेल्या दहावे पायस यांनी १९०४ मध्ये असा अधिकार कायमचा रद्द केला.

आजची पद्धत मुख्यतः दुसरे जॉन पॉल यांच्या १९९६ च्या संविधानावर आधारित आहे. आसन रिक्त होण्यापूर्वी वयाची ८० वर्षे पूर्ण केलेल्या कार्डिनलांना मताधिकार नसतो व निवडीसाठी दोनतृतीयांश मते लागतात. मतदारांची मर्यादा १२० आहे. तथापि २०२५ मध्ये १३३ कार्डिनल सिस्टाईन चॅपेलमध्ये गेले. पोप फ्रान्सिस यांनी स्वतःच अधिक कार्डिनल नेमून ती मर्यादा शिथिल केली आहे, असे कार्डिनल मंडळाने जाहीर केले होते.

वयाच्या नियमाचा अनुभव आपल्यालाही आला. मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी २०१३ मध्ये मतदान केले होते. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना ८० वर्षे पूर्ण झाली आणि २०२५ मध्ये त्यांना आत जाता आले नाही. गोव्याचे कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव मतदारांत होते. ८ मे २०२५ रोजी, चौथ्या फेरीत, कार्डिनल रॉबर्ट प्रिव्होस्ट निवडून आले व त्यांनी चौदावे लिओ हे नाव धारण केले.