झाडाला लागले की नाही? : डिस्क गोल्फ आणि रान यांचा इतिहास

१/ गल्लीतल्या क्रिकेटमध्ये झाडाचा बुंधा हाच स्टंप असतो, आणि चेंडू त्याला लागला की नाही यावरून अर्धा डाव भांडणात जातो. अमेरिकेतील एका खेळाला त्याचे आजचे रूप अशाच भांडणाने दिले. तो खेळ म्हणजे डिस्क गोल्फ. हा थ्रेड त्या खेळाचा आणि त्यातील झाडांच्या बदलत गेलेल्या स्थानाचा.

२/ आधी खेळाची रीत. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारून खळग्यात घालतात. येथे हाताने चकती फेकून ती खांबावरील टोपलीत घालायची. चकती जिथे थांबेल तिथून पुढची फेक. सर्वांत कमी फेकींत सगळ्या टोपल्या गाठणारा जिंकतो. मोठ्या मैदानात बहुधा १८ टोपल्या असतात, लहान रानातल्या मैदानात अनेकदा ९.

३/ या खेळाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद कॅनडातील आहे. १९२६ साली सस्कॅचवान प्रांतातील ब्लॅडवर्थ या गावी काही शाळकरी मुले डब्यांची पत्र्याची झाकणे वाळूत आखलेल्या वर्तुळांत फेकत आणि त्याला ‘टिन लिड गोल्फ’ म्हणत. मुले मोठी झाली आणि खेळ विसरला गेला. पुढे अमेरिकेत तो पुन्हा जन्मला, तेव्हा या मुलांची कोणाला माहिती नव्हती.

४/ १९३०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील फ्रेड मॉरिसन हा तरुण समुद्रकिनारी केकचे पत्र्याचे भांडे फेकत खेळत होता. ५ सेंटचे ते भांडे एकाने २५ सेंटला मागितले आणि मॉरिसनला धंदा सुचला. पुढे त्याने प्लॅस्टिकची चकती घडवली. १९५७ साली व्हॅम-ओ कंपनीने तिचे हक्क घेतले आणि ‘फ्रिस्बी’ हे नाव रूढ झाले. हे नाव ब्रिजपोर्ट येथील फ्रिस्बी पाय कंपनीवरून आले. तिच्या पत्र्याच्या थाळ्या विद्यार्थी हवेत भिरकावत असत.

५/ घरोघरी चकती पोहोचल्यावर १९६०च्या दशकात ठिकठिकाणी लोक आपापला ‘गोल्फ’ खेळू लागले. त्यासाठी ना मैदान लागे, ना पैसा. समोरचे झाड, दिव्याचा खांब, कचऱ्याचा पिंप, जे दिसेल ते लक्ष्य. चकती बुंध्यावर आपटली की काम फत्ते. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथील मंडळींनी तर १९७४ साली अशा खेळाची मोठी स्पर्धा भरवून मोटारगाडीचे बक्षीस ठेवले.

६/ याच सुमारास एड हेड्रिक हे नाव पुढे येते. १९६४ साली व्हॅम-ओ कंपनीत आलेल्या हेड्रिकने चकतीच्या पाठीवर उंचवट्याची वर्तुळे देऊन तिचे उड्डाण स्थिर केले; त्याचे पेटंट १९६७चे. १९७५ साली त्याने लॉस एंजलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये ओकच्या झाडांत डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान उभारले. तिथे लक्ष्य म्हणून जमिनीत खांब रोवले होते.

७/ आणि भांडणे सुरू झाली. वेगाने गेलेली चकती खांबाला घासून गेली की नुसतीच जवळून गेली? खेळणारा म्हणे लागली, बघणारा म्हणे नाही. साक्षीदार होते, पुरावा नव्हता. हेड्रिक आणि त्याचा मुलगा केन यांनी त्यावर तोडगा काढला : खांबाभोवती लोंबत्या साखळ्या आणि खाली टोपली. साखळ्या चकतीचा वेग शोषतात, टोपली तिला धरून ठेवते. १९७७ साली या रचनेचे पेटंट मिळाले. चकती टोपलीत असेल तर वादच उरत नाही.

८/ या शोधाचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. टोपली आली आणि झाड लक्ष्य राहिले नाही. कालपर्यंत ज्या बुंध्यावर नेम धरायचा, त्यालाच आता चुकवायचे होते. रान हा खेळातला प्रतिस्पर्धी झाला.

९/ रानातल्या मैदानात याचा प्रत्यय पावलोपावली येतो. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकलेली चकती वेग ओसरताच डावीकडे कलते. म्हणून वाट डावीकडे वळत असेल तर हे वळण मदतीला येते, उजवीकडे वळत असेल तर तेच घात करते. चकती पहिल्याच बुंध्यावर आदळून झुडपांत गेली, तर शहाणा खेळाडू धाडसी फेक टाळतो. एक फेक खर्चून आधी मोकळ्या वाटेवर येतो.

१०/ नियमही झाडाच्या बाजूने आहेत. आड येणारी फांदी मोडून वाट करता येत नाही. जाणूनबुजून नासधूस केल्यास २ फेकींचा दंड बसतो. चकती फांदीत अडकली, तर तिच्या बरोबर खालच्या जमिनीवरून पुढचा खेळ सुरू होतो.

११/ १९८३ साली डेव्ह ड्यूनिपेस याने उतरत्या, धारदार कडेची चकती आणली. हवेचा अडथळा घटला आणि फेकी लांबल्या. मोकळी मैदाने अपुरी पडू लागली. रानातल्या लहान मैदानाला मात्र त्याची तितकी झळ बसली नाही. दोन बुंध्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून चकती न्यायची असेल, तर दंडातल्या ताकदीपेक्षा मनगटावरचा ताबा मोलाचा ठरतो. म्हणून तिथे बलदंड तरुणाला मुरलेला वयस्क खेळाडू हरवू शकतो.

१२/ पण झाडाला याची किंमत मोजावी लागते. चकत्यांच्या माऱ्याने साली सोलतात, सततच्या पावलांनी माती घट्ट होते, मुळे उघडी पडतात. गोल्फच्या मैदानासाठी रान तोडावे लागते. हा खेळ उभ्या झाडांत मावतो आणि अनेक सार्वजनिक उद्यानांत फुकट खेळता येतो. तेच त्याचे मोठेपण, आणि म्हणूनच त्याचे ओझे थेट रानावर पडते. जे रान खेळाला आकार देते, ते खेळानेच झिजले तर खेळायचे कुठे, हा प्रश्न टोपलीने सुटत नाही.

१३/ हेड्रिक २००२ साली वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या घडवण्यात आल्या. ओक ग्रोव्हचे मैदान आजही आहे. उद्यानाचे नाव मात्र आता तेथील मूळच्या टोंगवा लोकांच्या भाषेतून घेतलेले, हाहामोंग्ना. नाव बदलले, खांबांच्या जागी टोपल्या आल्या. ओकची झाडे अजून वाट अडवून उभी आहेत, आणि तिथला खेळ त्यांच्यामुळेच रंगतो.

(समाप्त)