कौल, खाजण आणि मालमत्ता कराचं बिल

हा आपल्या या वेळच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना घसरलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

विषय आहे करसवलत. ‘धंदा वाढवा, माणसं कामाला लावा, आम्ही तुमचा स्थानिक कर कमी करतो’ असा सौदा. पेपरात तो एकदम नव्या जमान्यातला वाटतो, गुंतवणूक परिषद, करार, फोटो वगैरे. पण मराठीत या सौद्याला फार जुना शब्द आहे : कौल. देवाला लावतात तो नव्हे, आणि निवडणुकीचा तर नव्हेच. सरकारने लेखी दिलेलं वचन, की अमुक जमीन लागवडीला आण किंवा अमुक ठिकाणी येऊन दुकान टाक, इतकी वर्षं तुला सारा माफ किंवा कमी.

याच्या जोडीला दुसरा शब्द येतो, इस्तावा. म्हणजे चढता सारा. पडीक जमीन कोणी फोडली तर सुरुवातीला काही नाही किंवा नाममात्र, मग वर्षागणिक थोडं थोडं वाढत जायचं, आणि मुदत भरली की गावाचा पूर्ण दर लागू. आजच्या भाषेत फ्री ट्रायल म्हणा, फक्त ट्रायल कधी संपणार आणि नंतर किती पैसे कापले जाणार हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेलं. सुलतानी काळापासून पेशवाईपर्यंत आपल्याकडे ओसाड गावं पुन्हा वसवण्याचं हे हत्यार होतं.

शहरातही तेच. पुण्याच्या पेठा आपोआप वाढल्या नाहीत, त्या वसवल्या गेल्या. अठराव्या शतकात शुक्रवार पेठ वसवायचं काम जिवाजीपंत खासगीवाल्यांकडे होतं, आणि पुणे गॅझेटियर सांगतं की व्यापारी-उदमी येऊन राहावेत म्हणून तिथे सात वर्षं कर माफ केले होते. सात हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. सात वर्षांत दुकान चाललं तर माणूस कर भरून राहील, नाही चाललं तर तो तसाही राहणार नाही. आणि ज्याला कर मिळायचा होता, म्हणजे पेशवे सरकार, त्यानेच तो सोडला होता. देणारा आणि गमावणारा एकच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आमच्या गावाकडे येतो. मुर्धा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालात की आधी मुर्धा, मग राई, मोर्वा, डोंगरी. रस्त्याच्या आजूबाजूला खाजण आणि मिठागरं. आज बिल्डिंगा दिसतात म्हणून विसरायला होतं, पण या पट्ट्यातली बरीचशी शेती ही समुद्राकडून मागून घेतलेली जमीन आहे. भरतीचं पाणी अडवायला बांध घालायचा, उघाडी ठेवायची, दोन-चार पावसाळे मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग कुठे भात पिकणार. हा खर्च आधी, उत्पन्न नंतर. म्हणजे सवलतीशिवाय कोणी हात घालणार नाही असं हे काम.

साष्टीत याची जुनी सोय होती, तिला शिलोत्री म्हणत. ज्याने बांध घातला तो शिलोत्रीदार. शेत कसणाऱ्याने त्याला बांधाच्या देखभालीसाठी धान्यातला वाटा द्यायचा. पुढे इंग्रजांनी खाजणाच्या पट्ट्यांचे नियम केले आणि ते वाचताना मला हसू आलं, कारण ते चक्क इस्तावाच आहेत. पहिली दहा वर्षं काही नाही. पुढची वीस वर्षं एकरी चार आणे, आणि तेही पट्ट्यात असलेल्या सगळ्या जमिनीवर, बांध घालून मिळवलेली असो वा नसो. तीस वर्षांनी नेहमीची आकारणी. ठरल्या मुदतीत ठरलेला हिस्सा लागवडीखाली आला नाही तर पट्टा काढून घेण्याची सोय. नुसती जमीन अडवून बसायला चार आणे का होईना पडत राहतील, ही त्यातली खोच.

पण याच भागात, याच काळात, याच्या अगदी उलटं उदाहरण आहे. १८७० साली भाईंदर, मिरे आणि घोडबंदर या तीन गावांचा पट्टा रामचंद्र लक्ष्मणजी यांना दिला गेला. काम तेच, खारं पाणी गावात शिरू नये म्हणून बांध बांधणं आणि राखणं. त्याबदल्यात पिकाचा तिसरा हिस्सा घेण्याचा हक्क. मुदत? नऊशे नव्याण्णव वर्षं. बेरीज करून बघा, २८६९ साल येतं.

पुढे हा हक्क इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आला. भातशेती गेली, गावाच्या जागी शहर उभं राहिलं, पण कागद राहिला. आज मिरा-भाईंदरमध्ये जुनी सोसायटी पुनर्विकासाला काढायची म्हटली की या कंपनीचा ना हरकत दाखला हा वादाचा मुद्दा होतो. कायदेशीर बाजू कोणाची बरोबर, ते न्यायालयांचं काम. मला इतिहास म्हणून एवढंच दिसतं की एका कागदावर तीस वर्षं लिहिली होती, दुसऱ्यावर नऊशे नव्याण्णव, आणि पहिल्याची आज कोणाला आठवणही नाही.

विसाव्या शतकात वेगाने येऊ. महाराष्ट्र राज्य झाल्यावर एमआयडीसी आली १९६२ मध्ये आणि १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना, जिला सगळे पीएसआय म्हणतात. हेतू सरळ होता : कारखाने मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यात गर्दी करतायत, त्यांना बाहेर काढा. म्हणून राज्याचे गट पाडले. जितका तालुका मागास तितकी सवलत जास्त. आपण पडलो ‘अ’ गटात, म्हणजे ज्यांना जवळपास काही नाही. मागास भागातल्या कारखान्याला जकातीचा परतावासुद्धा मिळायचा. नाक्यावर जकात भरायची ती भरायचीच, मग पावत्या दाखवून ती योजनेखाली परत घ्यायची. यात स्थानिक संस्थेचं उत्पन्न बुडत नव्हतं, ही त्या योजनेतली समंजस गोष्ट होती.

गंमत अशी की भाईंदरला कोणी सवलत देत नव्हतं आणि तरी भाईंदर पूर्वेला गाळ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. स्टीलची भांडी, पॉलिशिंग, प्लास्टिक, छोटं इंजिनियरिंग. मुंबईत जागा परवडेना, इथे जागा होती, रेल्वे होती, कामगार लोकलने येत होते. १९८५ ला नगरपालिका झाली, १९९० ला राई-मुर्धा, डोंगरी, उत्तन वगैरे आमच्या ग्रामपंचायती तिच्यात गेल्या, २००२ ला महानगरपालिका. कर कमी केला म्हणून धंदा येतो, या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही तो या गाळ्यांमुळे.

पीएसआयच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये रोजगाराची अट आली, ती मात्र बारकाईने वाचायला हवी. २०१३ च्या योजनेत ‘अ’ आणि ‘ब’ गटात विशाल प्रकल्प ठरायला ७५० कोटींची गुंतवणूक किंवा १५०० रोजगार हवेत. त्यातला ‘किंवा’ बघा. कोड लिहिणाऱ्याला ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांतला फरक रात्री झोपेतही कळतो. ‘किंवा’ असेल तर पहिली अट खरी ठरली की दुसरी तपासायचीही गरज नाही. म्हणजे ७५० कोटींची यंत्रं आणली आणि माणसं मोजकीच ठेवली तरी दार उघडतं. शिवाय स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्यांचा नियम आहे, पण टक्केवारी एकूण आकडा किती हे सांगत नाही. दहातले आठही ८० टक्केच.

आता या भागातला माझा आवडता तपशील. कुणा गाळेवाल्याचं मालमत्ता कराचं बिल हातात आलं तर खाली बघा. सामान्य कर, पाणीपट्टी, शिक्षण कर, आणि त्यात एक ओळ असते : रोजगार हमी उपकर. राहत्या घराला नाही, बिगरनिवासी मालमत्तेलाच.

ही ओळ आली कुठून? सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेवर प्रयोग झाला : जो काम मागेल त्याला काम द्यायचं. १९७२ च्या दुष्काळात हीच कल्पना राज्यभर कामी आली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. पैसा उभा करायला शहरावर कर बसवले गेले. नोकरदारांवर व्यवसाय कर. माझ्या पगारपत्रकात महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जातात, वर्षाचे अडीच हजार, ते हेच. आणि दुकान, कारखाना, गाळा यांच्या मालमत्ता करावर उपकर. महापालिका तो गोळा करते आणि राज्याकडे भरते.

म्हणजे एकाच राज्याने एकाच प्रश्नाला दोन उलटी उत्तरं दिली. एक : उद्योगाला कर माफ करा, तो नोकऱ्या देईल. दोन : उद्योगावर कर लावा, त्या पैशातून आपणच काम देऊ. दुसरं उत्तर दुष्काळी मातीतून आलं, जिथे माफ करायला मुळात उद्योगच नव्हता. मला दोन्ही उत्तरं एकमेकांची शत्रू वाटत नाहीत. पण मजूर मोजायची पद्धत दुसऱ्यात होती. हजेरीपत्रक! नाव, दिवस, मजुरी. त्यात घोटाळे झाले, खोटी नावं घातली गेली, आणि ते उघडही झाले, कारण तपासायला कागद होता.

पुन्हा मालमत्ता कराकडे. महापालिका अधिनियम १९४९ चा. त्यात सामान्य करातून सूट कोणाला, ते कलम १३२ मध्ये आहे : सार्वजनिक पूजास्थानं, धर्मादाय कामाच्या इमारती, अशा गोष्टी. ‘नोकऱ्या वाढवल्या’ हे कारण त्यात नाही. महासभा दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत दर ठरवते, पण एखाद्या कारखान्यापुरता दर ती मनाने कमी करू शकत नाही. मग स्थानिक कराची सवलत येते वरून. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने नोंदणीकृत आयटी कंपन्यांना मालमत्ता कर बिगरनिवासी दराऐवजी निवासी दराने लावायचं ठरवलं. माझ्यासारखे लोक ज्या काचेच्या इमारतींमध्ये बसतात त्यांचा कर घरासारखा, आणि भाईंदरच्या पॉलिशिंगच्या गाळ्याचा कर कारखान्याचा, वर रोजगार हमी उपकर. सवलत नोंदणीवर आहे, या वर्षी किती माणसं वाढली यावर नाही.

इथे शुक्रवार पेठ आठवा. पेशव्यांनी सोडला तो त्यांचाच कर होता. इथे सोडणारं मंत्रालय आणि गमावणारी महापालिका. एरवी हे खपून गेलं असतं, पण महापालिकांकडे आता उरलंय काय? जकात गेली. मिरा-भाईंदरमध्ये २०१० पासून एलबीटी आला, २०१५ च्या ऑगस्टपासून तो ५० कोटींखालच्या उलाढालीला माफ झाला, २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला आणि उरलासुरलाही संपला. बदल्यात राज्याकडून भरपाईचा हप्ता. स्वतःच्या हातातला मोठा कर म्हणजे मालमत्ता कर. त्यातूनच आमच्या मुर्ध्याचा नाला, दिवा आणि शाळा.

ही भानगड आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात १९३६ पासून कारखान्यांना स्थानिक मालमत्ता कराची माफी मिळते, आणि ती द्यायचं राज्याचं मंडळ. शाळा आणि परगणे यांचा पैसा जायचा, पण त्यांना विचारत कोणी नव्हतं. २०१६ मध्ये गव्हर्नर एडवर्ड्स यांनी आदेश काढला : नोकऱ्यांची अट आणि स्थानिक संस्थांची मंजुरी, दोन्ही लागणार. ऐंशी वर्षं लागली त्याला. २०२४ मध्ये पुढच्या गव्हर्नरांनी नोकऱ्यांची अट पुन्हा काढून टाकली.

उद्या मुर्धा-राईच्या बाजूला कोणी मोठा प्रकल्प घेऊन आला आणि मालमत्ता करात सूट मागितली, तर मला विरोध करायची घाई नाही. मी तो कागद मागेन. किती वर्षं, दरवर्षी किती चढणार, माणसं कुठल्या हजेरीपत्रकावर मोजणार, मुदतीत झालं नाही तर परत काय मिळणार, आणि महापालिकेचं तेवढं उत्पन्न कोण भरून देणार. आज सवलतीची यादी उद्योग विभागाकडे, बुडालेला कर महापालिकेच्या अंदाजपत्रकात, आणि नोकऱ्यांचा आकडा भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात. तिन्ही एका पानावर आलेले मी तरी पाहिलेले नाहीत. कौलाच्या कागदावर निदान गाव, वर्षं आणि दर एकाखाली एक असायचे.

पुढच्या भागात मिठागरांवर बोलू. मिठावरचा कर, आगरातला मजूर आणि मिठागरांच्या जमिनी आज कोणाच्या, एवढं त्यात बसवायचा विचार आहे. तुमच्या घरी जुन्या शिलोत्राच्या किंवा खाजणाच्या पावत्या असतील तर फोटो काढून ठेवा, कागद कुरतडले जातायत.