भसाड्या सुराचा इतिहास

पुष्कळ संगीतप्रकारांचा उगम देवळात, दर्ग्यात किंवा दरबारात सापडतो. मेटल म्हणून जे संगीत ओळखले जाते त्याचा उगम पत्र्याच्या कारखान्यात आहे. १९६५ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा अशा कारखान्यात कामाला होता. गिटारवर पोट भरायचे ठरवून त्याने नोकरी सोडली होती, आणि कामाच्या नेमक्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटेच गेली. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली आणि मग सांगितले, की आगीत हात भाजून हा वादक दोन बोटांना मुकला होता, तरी तो असा वाजवतो. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, गिटारला पातळ तारा लावल्या आणि पुढे त्या सैल केल्या. तार सैल केली की सूर खाली उतरतो. १९७० साली ब्लॅक सबाथ या बॅंडची पहिली तबकडी निघाली, आणि तो खालचा, जड सूर त्यांच्या पुढच्या तबकड्यांत आला.

वाद्ये खाली उतरली तसा पुढच्या पंधरा वर्षांत गायकाचा गळाही खाली उतरला. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पझेस्ड या बॅंडचा ‘सेव्हन चर्चेस’ आला. त्यातल्या एका गाण्याचे नावच ‘डेथ मेटल’ होते. १९८७ मध्ये फ्लोरिडातून ‘स्क्रीम ब्लडी गोअर’ आला. बॅंडचे नाव डेथ, आणि त्याचा कर्ताधर्ता चक शुल्डिनर. १९६७चा जन्म, म्हणजे माझ्याच पिढीतला. या पोरांना कोणी रेडिओवर वाजवत नव्हते. घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटी ते पोस्टाने एकमेकांना पाठवत आणि त्यांच्या नकला करून नकला पुढे जात. शुल्डिनरची पहिली गाणी भयपटांसारखी रक्तबंबाळ होती. नंतर मात्र तो माणसाच्या मनाविषयी, ढोंगाविषयी, टिकून राहण्याविषयी लिहू लागला. ‘ह्यूमन’, ‘सिम्बॉलिक’ ही त्याच्या नंतरच्या अल्बमची नावेच पाहावीत. १३ डिसेंबर २००१ रोजी मेंदूतल्या गाठीने तो गेला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. मरणाचे नाव बॅंडला देणाऱ्या या माणसाची अखेरची काही वर्षे जगण्याच्या खटपटीत गेली.

आमच्या पौडच्या घरात हे संगीत भाच्याच्या खोलीतून आले. माझ्या आईने पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला म्हणाली, ‘बाहेर बघ, कोण भांडतंय.’ भाचा आतून ओरडला, ‘नानी, गाणं आहे ते!’ त्यावर तिचा प्रश्न: ‘मग शब्द कुठायत?’ मी बी.ए.ला मराठी घेतलेला, कविता करणारा माणूस. हा प्रश्न तिच्यापेक्षा मलाच जास्त चिकटला. नावातल्या मरणाचे मला काही वाटले नाही. मोहरमात मर्सिया म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांचे गळे फाटताना मी लहानपणी ऐकले आहेत, आणि शेजारच्या आळीत मयताच्या रात्री टाळांवर चाललेली निर्गुणी भजनेही. मरण गाण्यात आणायला आपल्याकडे कोणाची परवानगी लागत नव्हती. आवाज असा का आणि शब्द कुठे, एवढेच मला हवे होते.

आवाजाचे उत्तर गळ्यात आहे. बोलताना ज्या स्वरतंतूंचा उपयोग होतो त्यांच्या वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. ती एरवी गाण्यात भाग घेत नाही. तिला जवळ आणून थरथरवली की हा खर्जातला भसाडा आवाज निघतो. मंगोलियाशेजारच्या तुवा प्रदेशातले गायक खर्जाच्या एका पद्धतीत तीच जोडी वापरतात. शिकल्याशिवाय हे केले तर गळा बसतो, म्हणून हे गायक श्वासाचा रियाज करतात. नुसते ओरडणे आणि हे, यांत ओरडणारा पोरगा आणि शाहीर यांच्याइतका फरक आहे.

आता मुंबईकडे येतो, पण मुळशीवरून. हे संगीत विजेवाचून होत नाही. टाटा कंपनीने आमच्या खोऱ्यात धरण बांधायला घेतले ते मुंबईच्या विजेसाठी. १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि त्याचे नेतृत्व करता करता पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. धरण झालेच. पन्नासच्या आसपास गावांना त्याची झळ लागली, भाताची खाचरे पाण्याखाली गेली, आणि ते पाणी १९२७ पासून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात पडू लागले. तेव्हा मुंबईत कोणी गिटारची वायर भिंतीत खोचली की त्यात आमच्या खोऱ्याचाही वाटा असतो, असे मी भाच्याला म्हणालो. तो म्हणाला, ‘मामा, रॉयल्टी मागा.’

त्या मुंबईत रॉकसाठी एक जागा होती, धोबी तलावाजवळचे रंगभवन, उघड्यावरचे नाट्यगृह. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथे गाजला. कॉलेजची पोरे काळे टी-शर्ट घालून तिथे जमत. बहुतेक बॅंड परदेशी गाणीच वाजवत आणि ती हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले. रंगभवनाच्या आसपास रुग्णालयेही आहेत आणि कॉलेजही. तिथले रॉकचे कार्यक्रम बंद पडले. आजारी माणसाला झोप हवी, याबद्दल माझे दुमत नाही. पण मिरवणुकांतल्या डीजेच्या भिंती त्याच नियमांच्या नाकावर टिच्चून गावोगाव वाजत राहिल्या, हेही खरे. नियमाने गप्प झाले ते बहुधा ज्यांच्यामागे मंडळ नव्हते असे लोक. रंगभवनाचे नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीनंतर, करकरे, कामटे आणि साळसकर यांना जिथे गोळ्या लागल्या त्या गल्लीमुळे.

त्याच २००० साली साहिल मखिजा या कॉलेजच्या वयाच्या मुलाने मुंबईत ‘डेमोनिक रिझरेक्शन’ हा बॅंड काढला. नावाचा अर्थ दैत्याचे पुनरुत्थान. स्वतःला त्याने ‘डेमनस्टीलर’ म्हणवून घेतले. आपण कवी मंडळी टोपणनावे घेतो त्यांत इतकी हिंमत नसते. भारतात या वाटेवर तो पहिला नव्हे; बंगळूरचा ‘डाइंग एम्ब्रेस’ १९९१ पासून होता. पण महाराष्ट्रात डेथ मेटलचा रस्ता ज्यांनी पाडला त्यांत हा बॅंड पुढे. ‘भयानक मौत’ २००३ मधला. एवढे सरळ देशी नाव ठेवल्याबद्दल त्या मंडळींचे मला कौतुक वाटते.

मखिजाच्या गोष्टीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सुतारकामाचा भाग. जागा गेली होती, हे संगीत छापणारी कंपनी नव्हती, ते मुद्रित करणे जमेल असा स्टुडिओ शोधूनही मिळत नव्हता. जे नाही ते त्याने स्वतः बनवले. घरी स्टुडिओ मांडला आणि दुसऱ्या बॅंडचेही ध्वनिमुद्रण करून दिले. ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ काढून आपल्याबरोबर इतरांचे अल्बम छापले. ‘रिझरेक्शन फेस्टिव्हल’ भरवला. आपल्याकडे लघुनियतकालिकांनी जे केले तेच हे. संपादक, मुद्रक, वितरक आणि वर्गणी मागायला जाणारा एकच. स्वखर्चाने काढलेल्या संग्रहाच्या प्रती पिशवीत घालून एस.टी.ने हिंडलेल्या कवीला हे वेगळे सांगावे लागत नाही. मीही हिंडलो आहे. उरलेल्या प्रती अजून माळ्यावर आहेत.

२००५ मध्ये ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ आला, २०१० मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’. दुसरा अल्बम पुढे कॅंडललाइट या ब्रिटिश कंपनीने परदेशात काढला. त्यातल्या वादकांची आडनावे मखिजा, रेगो, बंदुकवाला, कैथ. मुंबईतल्या एखाद्या जुन्या चाळीच्या जिन्याखाली लागलेल्या पत्रपेट्यांवरून नजर फिरवावी तसे वाटते. त्याच वर्षी बॅंड नॉर्वेतल्या इन्फर्नो महोत्सवात वाजवून आला आणि ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाच्या सोहळ्यात त्याला ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार मिळाला.

मला मात्र त्याहून मोठा टप्पा वाटतो तो २०१७चा. त्या वर्षी ‘दशावतार’ हा अल्बम आला. मत्स्य ते कल्की अशी दहा अवतारांवरची गाणी, आणि गिटारांच्या गदारोळात मधेच सतार. बारा-पंधरा वर्षे काळोखाच्या परक्या कथा सांगून झाल्यावर हे लोक आजीच्या गोष्टींपाशी आले. हा संसार या गोष्टींना नवा नाही. कोकणातल्या दशावतारात वेद पळवणारा काळ्या वेशातला संकासुर येतो, विष्णूशी झुंजतो, आणि मधल्या वेळात मालवणीत लोकांची टवाळीही करतो. नृसिंहाची गर्जना कोणत्या आवाजात काढावी, हा प्रश्न आमच्याकडच्या कीर्तनकारालाही पडतो. खांब फुटल्यानंतर तो गोड गळ्याने गाऊ शकत नाही. भसाडा सूर तिथे जागेवर बसतो. मी या कथांचा वारसा जन्माने सांगत नाही, भाषेने सांगतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला तेव्हापासून मराठीत तो रस्ता मोकळा आहे.

तक्रार आहे ती एकच. शब्द इंग्रजी आहेत. आईला हवे असलेले शब्द मी शोधून काढले, भाच्याने छापील कागद आणून दिला, आणि नृसिंह इंग्रजीत गरजतो हे कळले. श्रोते देशोदेशी, त्यामुळे त्यांचा हिशेब मला समजतो. पण ज्या भाषेत ‘काळ’, ‘कडकडाट’, ‘ढासळणे’ असे शब्द आहेत ती या सुराला किती मानवेल, याचा अंदाज इंग्रजीत गाणाऱ्याला येणार नाही. या गळ्याला मोकळा ‘आ’ नको असतो, अडणारी, आपटणारी व्यंजने हवी असतात, आणि ती आमच्याकडे पोत्याने आहेत. पोवाडा लिहिणाऱ्यांनी ती केव्हाच वापरली.

पोटाचे काय, हेही सांगायला हवे, कारण बॅंडच्या इतिहासात ते कोणी लिहीत नाही. सतरा वर्षांत नाव झाले, पुरस्कार झाला, परदेश झाला; चूल त्यावर पेटली नाही. मखिजाने ‘हेडबॅंगर्स किचन’ नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू केला होता, मेटलवाल्यांना बोलावून रांधण्याचा. पुढे तो कीटो आहाराच्या पाककृतींकडे वळला आणि तिथे जे प्रेक्षक मिळाले ते गाण्याला कधी मिळाले नव्हते. कवीची नोकरी जशी, तशी ही कढई. २०२३ मध्ये डेमनस्टीलर या नावाने त्याचा ‘द प्रोपगंडा मशीन’ आला. विषय आता दैत्यांचा नाही. सत्ता, भीती आणि खोट्या प्रचाराचा. त्यात वाजवणारे ड्रमवाले आणि बेसवाले निरनिराळ्या देशांतले. शुल्डिनरच्या काळी कॅसेटी पोस्टाने जात, यांची वाजवलेली पट्टी संगणकावरून आली, आणि मुंबईतल्या माणसाने ती आपल्या गळ्याखाली जोडली.