मुलांची अर्धशिशी : बहाणा नव्हे, आजार

शाळेतून आलेले मूल दप्तर टाकून थेट अंधाऱ्या खोलीत जाऊन पडते. डबा तसाच परत आलेला असतो, एखादी उलटी होते आणि दोन-तीन तास झोपून उठल्यावर तेच मूल खेळायला पळते. साहजिकच 'अभ्यास टाळण्याचा बहाणा' असा शिक्का बसतो, किंवा चष्म्याचा नंबर तपासला जातो. प्रत्यक्षात अशी वारंवार उद्भवणारी डोकेदुखी अर्धशिशीची म्हणजेच मायग्रेनची असू शकते.

ओळखावी कशी?

नाव अर्धशिशी असले तरी मुलांमध्ये अर्धेच डोके दुखते असे नाही. बहुधा कपाळ आणि दोन्ही कानशिले ठणकतात. मोठ्यांमध्ये हा त्रास किमान ४ तास टिकतो, मुलांमध्ये तो २ तासांतही ओसरू शकतो. मळमळ, उलटी, उजेड व आवाज सहन न होणे, हालचालीने वेदना वाढणे ही प्रमुख लक्षणे. लहान मुलाला हे सांगता येत नाही. ते टीव्ही बंद करायला सांगते, पडदे ओढून घेते. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा दिसतात. आई-वडिलांपैकी कोणाला अर्धशिशी असल्यास शक्यता वाढते. निदान मुख्यतः माहिती व तपासणीवरूनच होते. प्रत्येक मुलाला स्कॅनची गरज नसते.

उपचार काय?

दुखणे सुरू होताच शांत, अंधाऱ्या खोलीत विश्रांती द्यावी. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल वजनानुसार, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत आणि लवकर दिल्यास अधिक उपयोगी पडते. अॅस्पिरिन मात्र मुलांना परस्पर देऊ नये. त्यातून 'रे सिंड्रोम' हा दुर्मिळ, पण गंभीर आजार उद्भवू शकतो. वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस घेतली गेल्यास औषधांमुळेच डोके दुखू लागते.

प्रतिबंधक औषधांचा निर्णय तज्ज्ञांवर सोडावा. अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमिट्रिप्टिलिन व टोपिरामेट ही औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. त्यामुळे दिनचर्येला महत्त्व येते. सकाळची न्याहारी चुकवू नये, पाण्याची बाटली शाळेत भरलेली असावी, झोपण्या-उठण्याच्या वेळा सुटीतही पाळाव्यात. डोके कधी दुखले, त्याआधी काय खाल्ले, झोप किती झाली याची नोंद वहीत ठेवल्यास कारण सापडू शकते. शिक्षकांनाही कल्पना द्यावी.

ही चिन्हे दिसल्यास थांबू नका

पहाटे डोकेदुखीने जाग येऊन उलट्या होणे, दुखणे दिवसेंदिवस वाढणे, तिरळेपणा, चालताना तोल जाणे, झटका किंवा वागण्यातील बदल दिसल्यास तातडीने डॉक्टरांना दाखवावे. तापासोबत मान ताठरणे, डोक्याला मार लागल्यानंतरची वेदना किंवा अचानक उठलेली असह्य कळ यांत तर रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब नको.

'डोके दुखते' हे मुलाचे वाक्य खोटे ठरवण्यापूर्वी एकदा नीट ऐकून घ्यावे, हे उत्तम.