कस्तुरबानगर प्रकरण (नागपूर)

कायद्याच्या राज्यावरचा गरिबांचा विश्वास उडाल्यावर काय घडते, हे दाखवणारी महाराष्ट्रातील घटना. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात पोलीस बंदोबस्तात आणलेला गुंड भरत कालीचरण ऊर्फ अक्कू यादव याला जमावाने न्यायालयाच्या खोलीतच ठार मारले. जमावात कस्तुरबानगरच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांनी सोबत तिखटाची पूड व चाकू आणले होते.

कस्तुरबानगर ही जरीपटका भागातील, मुख्यतः दलित कष्टकऱ्यांची झोपडपट्टी. अक्कूच्या टोळीने येथे अनेक वर्षे खंडणी, मारहाण, खून आणि बलात्कार यांचे सत्र चालवले. अटक व्हायची, जामीन मिळायचा, पुन्हा दहशत सुरू व्हायची. तक्रारीला गेलेल्या बायकांनाच पोलीस अपमानित करत आणि तक्रारीची खबर अक्कूपर्यंत पोचे, असे रहिवाशांचे म्हणणे होते. न्यायालयातील हत्येपेक्षा हा आधीचा काळ या प्रकरणात अधिक महत्त्वाचा आहे. राज्यघटनेच्या कलम २१ ने दिलेला जीविताचा हक्क या वस्तीला पोलीस ठाण्याच्या दारातच नाकारला गेला होता.

हत्येनंतर पाच स्त्रियांना अटक झाली. तेव्हा आम्ही सगळ्यांनीच मारले, सगळ्यांनाच पकडा, असे म्हणत वस्तीतील बायका पुढे आल्या. पुढे आरोपींची संख्या वाढली. २०१४ मध्ये पुराव्याअभावी ते निर्दोष सुटले.

कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने २००५ मध्ये या घटनेवर स्वतंत्र अहवाल काढला. दिल्लीप्रमाणेच घानातील आक्रा येथेही ही संस्था पोलिसांच्या उत्तरदायित्वावर काम करते. पोलीस ऐकत नाहीत म्हणून जमावाने शिक्षा देण्याचा प्रश्न दक्षिण आफ्रिका व नायजेरियातील गरीब वस्त्यांनाही भेडसावतो. अशा वस्त्यांत रस्ते, नळ, शाळा आल्या तरी तक्रार नोंदवून घेणारे ठाणे नसेल, तर तो विकास अपुराच.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी बलात्कारासारख्या गुन्ह्याची नोंद टाळणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूदही झाली. कस्तुरबानगरच्या स्त्रियांना त्याचा उपयोग झाला नाही. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. त्यामुळे अक्कूने केलेल्या अत्याचारांबद्दल त्याला दोषी ठरवणारा निकाल त्यांना कधीच मिळू शकला नाही.