मोठेपणी हाती आलेली वाद्ये

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेकडे सूरजागडचा डोंगर आहे. बाहेरच्या जगाला तो लोहखनिजामुळे माहीत झाला. भोवतालच्या माडिया गोंडांसाठी ते ठाकुरदेवाचे ठाणे आहे आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. माडियांच्या देवकार्यात, लग्नात आणि नाचात ढोल लागतोच. या ढोलाची शिकवणी मात्र कुठे नसते. गोटुलच्या, म्हणजे गावातल्या तरुणांच्या सामुदायिक घराच्या, अंगणात, रेला नाचात तो लहानपणापासून कानावर पडतो आणि हात त्यावर आपोआप बसत जातो. सीमेपलीकडच्या बस्तरमधल्या मुरियांच्या कथेत लिंगो हा आदिपुरुष एकाच वेळी अठरा वाद्ये वाजवतो. वेरियर एल्विन यांच्या १९४७ च्या मुरिया-गोटुलवरील ग्रंथात ती परंपरा नोंदलेली आहे. जिथे वाद्य देवाकडून गावाला मिळालेले असते, तिथे 'शिकायला उशीर झाला का' हा प्रश्न फारसा उठत नाही. रेल्याच्या रांगेत पाय जुळवता आले की नवखाही नाचात सामील होतो, कारण पालुपद पुन्हा पुन्हा येते आणि चुकलेले पाऊल पुढच्या फेरीत सुधारते.

घराण्यांच्या संगीतात परिस्थिती उलट होती. तिथे विद्या लहान वयात, गुरूच्या घरी राहून घ्यायची असे. नोकरी किंवा शेती करणाऱ्या गृहस्थाला त्या वाटेने जाणे जवळजवळ अशक्यच होते. हा दरवाजा मोठ्या प्रमाणावर उघडला तो विष्णु दिगंबर पलुस्करांनी. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. स्वरलिपी, ठरलेला अभ्यासक्रम आणि वर्ग या रचनेमुळे संगीत वेळापत्रकात बसवता आले. पुढे १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या त्याच्या परीक्षांना पन्नाशीतला विद्यार्थी शाळकरी मुलाशेजारी बसू शकतो. घराणेदार गायकीचे काही त्यात हरवले, हे खरे. पण जे संगीत अनेकांच्या आयुष्यात आलेच नसते, ते आले. ही जमेची बाजू मोठी मानावी लागेल.

त्याच काळात हार्मोनियम घराघरांत पोहोचत होती. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यांचे हे वाद्य मुळात पायाने भाता चालवायचे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला हाताचा भाता दिला आणि पेटी मांडी घालून वाजवता येऊ लागली. पट्टी दाबली की सूर जागच्या जागी मिळतो. सारंगीत सूर शोधण्यातच जी वर्षे जातात, ती इथे वाचतात. सुरावरून सुरावर घसरणारी मींड आणि सूक्ष्म श्रुती देता येत नाहीत, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दूर ठेवले. भजनी मंडळांनी मात्र तिला दूर केले नाही.

चंद्रपूर-गडचिरोली भागात प्रौढांच्या हाती वाद्य देण्याचे सर्वांत मोठे काम तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने केले. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या तुकडोजींनी चिमूरजवळच्या रामदिघीच्या जंगलात काही काळ साधनेत घालवला. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि पुढे गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भातल्या खेड्यांत पसरल्या. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन हे त्यांच्या कामाचे रोजचे अंग होते. लाकडी कड्याला एका बाजूने चामडे, कडेला धातूच्या चकत्या, एवढेच हे वाद्य. एका हातात धरायचे, दुसऱ्याने थाप द्यायची. साधा ठेका जमला की माणूस गाऊ लागतो आणि मंडळाला एक साथीदार मिळतो. खंजिरीवर प्रभुत्व मिळवायला आयुष्य लागते, पण तिच्यावर सुरुवात करायला काही आठवडे पुरतात. दिवसभर धानाच्या बांधीत राबलेल्या शेतकऱ्याला हाच फरक महत्त्वाचा होता.

या भजनांत स्वच्छता, व्यसनमुक्ती, गावाचा एकोपा आणि स्वातंत्र्य हे विषय असत. १६ ऑगस्ट १९४२ च्या चिमूरच्या इंग्रजांविरुद्धच्या उठावामागे महाराजांच्या भजनांची प्रेरणा मानली जाते, आणि त्या महिन्यातच इंग्रज सरकारने त्यांना अटक केली. त्यामुळे इथे ठेका शिकणे म्हणजे एका विचाराच्या मेळ्यात दाखल होणेही होते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निधन झाले. खंजिरी भजनाच्या स्पर्धा विदर्भात अजून होतात.

वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या प्रदेशात, झाडीपट्टी रंगभूमीने आणखी एक वाट दिली. दिवाळीच्या सुमारास धान निघाले की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. देसाईगंज म्हणजे वडसा हे मंडळांचे मुख्य ठाणे. गावकऱ्यांची दंडार असो की रात्रभर चालणारे नाटक, वादकांशिवाय पडदा उघडत नाही. शेतीतून मोकळ्या झालेल्या महिन्यांत साथीला बसायचे आणि पुन्हा नांगराकडे वळायचे, असे अनेकांचे वर्ष विभागलेले राहिले. या रंगभूमीवरील कामासाठी गडचिरोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आता तिथे पेटीच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आणि ऑक्टोपॅड आले आहेत, पण ते शिकण्याची रीत बरीचशी जुनीच आहे: तालमीला जायचे, जाणत्या वादकाशेजारी बसायचे आणि प्रयोगात त्याच्या हाताकडे पाहत साथ धरायची.